मार्चअखेर आली की प्रोग्रॅम रेंगाळतो: स्ट्रिंग कॉपीत जाणारा वेळ शोधायचा कसा

लक्षण आधी सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच की दुसरं ते लगेच कळेल. प्रोग्रॅम बंद पडत नाही, आकडे बरोबर येतात, डिस्क शांत असते. सीपीयूचा एक कोअर मात्र पूर्ण वेळ शंभर टक्क्यांवर असतो. डेटा दुप्पट झाला तर वेळ दुपटीपेक्षा बराच जास्त वाढतो. नवीन मशीन घेतलं की एखादं वर्ष बरं जातं आणि पुढच्या वर्षी गाडी पुन्हा तिथेच. प्रोफायलर (कुठल्या फंक्शनात किती वेळ जातो ते दाखवणारं साधन) लावून पाहिलं तर सगळ्यात वर स्ट्रकॅट (मजकूर शेवटाला चिकटवणारं), स्ट्रलेन (लांबी मोजणारं), मेमकॉपी किंवा मेममूव्ह (बाइट एका जागेहून दुसरीकडे नेणारी) यांपैकी एखादं नाव दिसतं. हे सगळं जुळत असेल तर पुढे वाचा.

बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या एका पतसंस्थेचा हिशेबाचा प्रोग्रॅम गेली काही वर्षं मी सांभाळते. मूळ प्रोग्रॅम सी भाषेतला, नव्वदच्या दशकातला. त्यावर नंतर सी प्लस प्लसचे मजले चढले. सभासदांत मराठी घरं जास्त, पण गुजराती सभासदही पुष्कळ, त्यामुळे उतारे दोन्ही लिप्यांत निघतात. ३१ मार्चच्या रात्री सगळ्या खात्यांचे वर्षभराचे उतारे एका फाइलीत तयार होतात आणि सकाळी ती फाइल छपाईला जाते. दोन वर्षांपूर्वी साधारण दीड लाख ओळी होत्या, तेव्हा तेरा-चौदा मिनिटं लागली. मग दैनिक बचत योजना सुरू झाली, रोजच्या रोज नोंदी पडायला लागल्या आणि ओळी तीन लाखांवर गेल्या. त्याच मशीनवर पंचावन्न मिनिटं लागली.

पंचावन्न मिनिटं एकदा लागली तर कोणी काही म्हणत नाही. पण त्या रात्री एखादी नोंद चुकीच्या खात्यात सापडते, ती दुरुस्त करून पुन्हा चालवावं लागतं, मग व्याजाचा दर कुणीतरी मागच्या तिमाहीचा टाकलेला निघतो. तिसऱ्या फेरीला रात्रीचे अडीच वाजले होते. हिशेबनीस काका निवृत्त झालेत, पण मार्चअखेरीला न चुकता येऊन बसतात. ते म्हणाले, "पोरी, नवं मशीन घेतलं ना आपण? मग हे पुन्हा असं का?" प्रश्न अगदी योग्य होता. ओळी दुप्पट आणि वेळ चौपट, यातच उत्तर होतं, आणि ते मला पहिल्याच वर्षी दिसायला हवं होतं.

आधी प्रोफायलर नको, घड्याळ घ्या

कुठलंही साधन लावण्याआधी एवढं करा. अर्धा डेटा घेऊन प्रोग्रॅम चालवा, वेळ लिहून ठेवा. मग पूर्ण डेटा घेऊन चालवा. वेळ दुप्पट झाला तर काम सरळ वाढतंय आणि तुमची अडचण वेगळी आहे. चौपट झाला तर कुठेतरी प्रत्येक नव्या ओळीसाठी आधीच्या सगळ्या ओळी पुन्हा चाळल्या किंवा पुन्हा कॉपी केल्या जातायत. या परीक्षेला ना परवानगी लागते, ना सोर्स कोड, आणि माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा निकाल इथेच लागतो.

दुखणं दरवर्षी का उलटतं तेही इथेच कळतं. नवा मुलगा कामाला लागतो, तो पाचशे ओळींची नमुना फाइल घेऊन बदल तपासतो. पाचशे ओळींना वर्गाच्या प्रमाणात (ओळी दुप्पट तर काम चौपट) वाढणारं काम डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. कुणालाच काही खटकत नाही आणि तो कोड वर्षभर निवांत बसून राहतो, मार्चपर्यंत.

आमच्या कोडमध्ये काय होतं

मूळ लेखकाने एक मोठा बफर, म्हणजे मेमरीतली सलग जागा, घेतला होता आणि पूर्ण फाइल त्यात तयार करून शेवटी एकदम डिस्कवर लिहायची, असा बेत ठेवला होता. त्याला कारणही होतं: प्रत्येक उताऱ्याच्या डोक्यावर "पान १, एकूण पाने ६" असं छापायचं होतं, आणि एकूण पानं उतारा संपल्याशिवाय कळत नाहीत. एका ओळीत सहा तुकडे असतात: तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक आणि ओळीचा शेवट. प्रत्येक तुकडा स्ट्रकॅटने त्या मोठ्या बफरच्या शेवटाला चिकटवला जायचा.

सी भाषेत स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराच्या तुकड्याची, लांबी कुठेही लिहून ठेवलेली नसते. शेवटी एक शून्य बाइट असतो, तो सापडला की स्ट्रिंग संपली. म्हणजे स्ट्रकॅटला शेवटाला काही चिकटवायचं असेल तर आधी शेवट शोधावा लागतो, आणि तो शोधायला प्रत्येक वेळी बफरच्या पहिल्या बाइटापासून चालत जावं लागतं. मागच्या वेळी कुठे पोचलो होतो हे त्याला माहीत नसतं. शिवाय ते जे परत देतं तो बफरच्या सुरुवातीचा पत्ता असतो, जो आपल्याकडे आधीच असतो. ज्याची खरी गरज, तो शेवटाचा पत्ता हातात येऊन टाकून दिला जातो.

हिशेब करून बघा. ३ लाख ओळी, ओळीला ६ तुकडे, म्हणजे १८ लाख वेळा चिकटवणं. तुकडा सरासरी २० बाइटांचा धरला तर तयार होणारी फाइल ३ कोटी ६० लाख बाइटांची, आजच्या मानाने काहीच नाही. पण शेवट शोधण्यासाठी चाललेले बाइट मोजा: पहिल्या वेळी शून्य, दुसऱ्या वेळी २०, तिसऱ्या वेळी ४०, असं करत अठरा लाखांपर्यंत. बेरीज होते सुमारे ३२ लाख ४० हजार कोटी बाइट. फाइलच्या नऊ लाख पट! मेमरीतून सेकंदाला साधारण १ हजार कोटी बाइट वाचले जातात असं धरलं तर ३,२४० सेकंद, म्हणजे ५४ मिनिटं. आमची पंचावन्न मिनिटं जवळजवळ सगळी इथे गेली होती. आणि दीड लाख ओळींना हाच हिशेब लावला तर बरोबर एक चतुर्थांश, साडेतेरा मिनिटं. कागदावर हे दोन आकडे जुळले तेव्हा मी प्रोफायलर न उघडताच उठून चहा टाकला.

यात आणखी एक भर पडली होती. जुना प्रोग्रॅम एका बाइटाला एक अक्षर अशा फॉन्टवर चालायचा. १९९१ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या मानकातही देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एका बाइटात मावतं. काही वर्षांपूर्वी आम्ही सगळा डेटा युनिकोडवर, यूटीएफ-८ मध्ये आणला. तो निर्णय योग्यच होता आणि आजही तोच घेईन. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना, मात्रा, हलंतसुद्धा, तीन बाइट घेतं. गुजराती लिपीचंही तेच. तपशिलाचा रकाना अचानक तिप्पट लांब झाला आणि प्रत्येक फेरीतली पायपीटही त्या प्रमाणात वाढली. तेव्हा कुणीतरी म्हणालंच होतं, "युनिकोडमुळे मशीन स्लो झालं." दोष युनिकोडचा नव्हता. तीन पट मजकूर सरळ लिहायला काही मिलिसेकंद जास्त लागतात, मिनिटं लागत नाहीत.

दुरुस्ती

शेवटाचा पत्ता हातात धरून ठेवा. एवढंच. स्टपकॉपी हे फंक्शन अगदी यासाठी आहे: कॉपी करतं आणि नव्या शेवटाचा पत्ता परत देतं. २००८ च्या पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या मानकात ते आलंय, लिनक्सवर त्याहून आधीपासून आहे. पुढचा तुकडा त्या पत्त्यापासून सुरू. मी मात्र स्वतःचा छोटा प्रकार केला: बफरचा पत्ता, वापरलेली लांबी, एकूण जागा, असे तीन आकडे एकत्र ठेवले, आणि जागा संपली तर दुप्पट मोठा बफर घ्यायचा. दरवेळी ठरावीक शंभर-दोनशे बाइटांनी वाढवलात तर वाढवताना जुना मजकूर पुन्हा पुन्हा कॉपी होईल आणि तोच रोग मागच्या दाराने आत येईल, म्हणून पटीनेच वाढवायचं. एकूण पानांसाठी डोक्यावर चार अंकांची मोकळी जागा सोडली आणि उतारा संपला की मागे जाऊन ती भरली. त्यामुळे पूर्ण फाइल मेमरीत धरून बसायचीही गरज उरली नाही, एक उतारा झाला की डिस्कवर लिहून बफर रिकामा.

बदललेल्या ओळी चाळीसच्या आत होत्या. पुढची फेरी काही सेकंदांत संपली. काकांना वाटलं प्रोग्रॅम मध्येच बंद पडला. त्यांनी स्वतः शेवटच्या खात्याची शिल्लक वहीशी ताडून पाहिली, मग चष्मा काढून खिशात ठेवला.

हाच रोग इतर कपड्यांत

कोडमध्ये फक्त स्ट्रकॅट हा शब्द शोधून थांबू नका. मला तोच प्रकार आणखी चार वेशांत सापडलाय.

एक: एसएनप्रिंटएफला (ठरावीक जागेत मजकूर लिहिणाऱ्या फंक्शनला) जागा सांगताना बफर अधिक स्ट्रलेन असं लिहिलेलं. दिसायला आधुनिक, पण प्रत्येक वेळी पहिल्यापासून मोजणी. इथे आणखी एक खड्डा आहे. एसएनप्रिंटएफ जो आकडा परत देतं तो "जागा पुरली असती तर किती लिहिलं असतं" याचा असतो. तो न तपासता लांबीत मिळवत गेलात तर एक दिवस बफरच्या बाहेर लिहाल.

दुसरा: लूपच्या अटीत स्ट्रलेन. कंपायलर कधीकधी ते बाहेर काढतो, पण लूपमध्ये त्याच बफरात काही लिहिलं जात असेल तर त्याला तसं करता येत नाही, कारण तुम्ही शेवटचा शून्य बाइट हलवत नाही आहात याची त्याला खात्री नसते.

तिसरा मात्र खूप जणांना माहीत नसतो: एसस्कॅनएफ. मोठ्या मजकुरातून एकेक आकडा वाचायला ते लूपमध्ये वापरलं की अनेक लायब्रऱ्यांत ते प्रत्येक वेळी उरलेल्या पूर्ण मजकुराची लांबी आधी मोजतं. वाचायचे असतात चार अंक आणि मोजले जातात लाखो बाइट. याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण ग्रँड थेफ्ट ऑटोच्या ऑनलाइन खेळाचं. तो सुरू व्हायला वर्षानुवर्षं कित्येक मिनिटं लागायची. २०२१ साली बाहेरच्या एका प्रोग्रॅमरने, सोर्स कोड हाताशी नसताना, शोधून काढलं की सुमारे दहा मेगाबाइटांची एक जेसन फाइल अशा पद्धतीने वाचली जातेय आणि वर तिच्यातल्या त्रेसष्ट हजारांच्या आसपास नोंदी प्रत्येक वेळी सगळ्या यादीशी ताडल्या जातायत. दोन्ही दुरुस्त केल्यावर त्याचा सुरू होण्याचा वेळ जवळजवळ सत्तर टक्क्यांनी उतरला, आणि कंपनीने ती दुरुस्ती स्वीकारली. इतकी माणसं, इतकी वर्षं, आणि दुखणं लांबी मोजण्यात.

चौथा: एसप्रिंटएफमध्ये जो बफर लिहायचा तोच वाचायलाही दिलेला. हे हळू तर आहेच, शिवाय मानकानुसार त्याचं वर्तन ठरलेलंच नाही. सापडलं की त्याच दिवशी काढा.

सी न वापरणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. जावात स्ट्रिंग बदलता येत नाही, म्हणून लूपमध्ये अधिकचं चिन्ह लावून जोडत गेलात तर प्रत्येक फेरीला पूर्ण नवी प्रत बनते. तिथे स्ट्रिंगबिल्डर वापरा. पायथॉनचं नेहमीचं रूप, सीपायथॉन, कधीकधी जागच्या जागी वाढवून ही चूक झाकतं, पण त्याच स्ट्रिंगकडे दुसरा कुणी बोट दाखवत असेल तर झाकणं थांबतं आणि तुम्हाला वाटतं काल तर चाललं होतं. यादी करा, शेवटी जॉइन करा.

प्रोफायलरचं नाव वाचताना

आता त्या प्रश्नाकडे, जो मला बहुतेक जण सगळ्यात आधी विचारतात: स्ट्रिंग कॉपीत किती वेळ जाणं सामान्य? हार्वर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी २०१५ साली गूगलच्या डेटा सेंटरांतल्या मशीनींचं प्रोफाइल प्रसिद्ध केलं. त्यात मेमकॉपी आणि मेममूव्ह मिळून सीपीयूचा चार ते पाच टक्के वेळ जात होता. एवढ्या मोठ्या, पुन्हा पुन्हा घासूनपुसून घेतलेल्या कोडमध्ये एवढा. म्हणून माझा अंदाज असा बसलाय: तुमच्याकडे चार-पाच टक्के दिसत असेल तर सोडून द्या, डेटा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायला तेवढं भाडं पडतंच. वीस टक्के दिसलं तर कोण बोलावतंय ते बघा. साठ-सत्तरच्या वर गेलं तर जवळजवळ नक्कीच वरच्यासारखा वर्गाचा रोग आहे. आमच्याकडे स्ट्रकॅट नव्वद टक्क्यांच्या वर होतं.

इथे बहुतेकांचा पाय घसरतो. यादीत मेमकॉपी वर दिसलं की माणूस जास्त वेगवान मेमकॉपी शोधायला निघतो. माझ्याआधीच्या माणसानेही तेच केलं होतं, असेंब्लीत हाताने लिहिलेलं कॉपीचं फंक्शन अजून त्या फोल्डरमध्ये आहे. लायब्ररीतली ही फंक्शनं आधीच प्रोसेसरच्या एव्हीएक्स सूचना वापरतात, एका दमात बत्तीस बाइट हलवतात. तुम्ही ती आणखी वेगवान करू शकाल याची शक्यता फार कमी. आणि केलीतच तरी जीन अ‍ॅमडाल यांचं १९६७ चं गणित लावून बघा: कॉपीत आठ टक्के वेळ जात असेल आणि तुम्ही ती दुप्पट वेगवान केली, तर पूर्ण प्रोग्रॅम फक्त चार टक्क्यांच्या आसपास सुधारेल. नव्वद टक्के जात असतील तर दुप्पट वेगाने पंचावन्न मिनिटांची तीस मिनिटं होतील, आणि ओळी दीडपट झाल्या की पुन्हा तासावर. खरा प्रश्न त्याला इतक्या वेळा हाक कोण मारतंय हा आहे.

ते बघायला पर्फ (लिनक्सवरचा प्रोफायलर) रेकॉर्ड चालवताना कॉलग्राफचा, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं ते नोंदवायचा, पर्याय लावा, नुसत्या नावांच्या यादीने काही कळत नाही. लिनक्सच्या फेडोरा ३८ आणि उबुंटू २४.०४ पासून तिथली पॅकेजं फ्रेम पॉइंटर (कोणी बोलावलं याचा माग देणारा पत्ता) ठेवून बांधलेली येतात, त्यामुळे हे सोपं झालंय. पण तुमचा स्वतःचा प्रोग्रॅम मात्र फ्रेम पॉइंटर राखून तुम्हालाच बांधावा लागेल. आणि एक बारकावा, ज्याने माझा अख्खा एक दिवस खाल्ला: मेमकॉपीसारखी असेंब्लीतली फंक्शनं स्वतःची फ्रेम उभी करत नाहीत. फ्रेम पॉइंटरवरून माग काढला की मेमकॉपीला थेट बोलावणारं फंक्शन यादीतून गाळलं जातं आणि त्याच्या वरचं दिसतं. मी ज्या फंक्शनात कॉपी शोधत होते तिथे एकही कॉपी नव्हती. अशा वेळी ड्वार्फची पद्धत वापरा, ती कंपायलरने ठेवलेल्या डीबग माहितीवरून माग काढते. फाइल मोठी होते, पण माग बरोबर लागतो.

पर्फ चालवायची परवानगी नसेल तर जीडीबी हा डीबगर पुरे. चालू प्रोग्रॅम पाच वेळा थांबवा, पाचही वेळा बॅकट्रेस (त्या क्षणी कोणी कोणाला बोलावलंय त्याची यादी) बघा. पाचही वेळा तोच लूप दिसला तर आणखी पुरावा कशाला हवा?

दोन गोष्टींनी आकडा फसवतो. लहान आणि ठरावीक आकाराच्या कॉप्या कंपायलर जागच्या जागी उतरवतो, त्या मेमकॉपीच्या नावावर दिसतच नाहीत, म्हणजे खरी कॉपी जास्त असू शकते. आणि उलटही होतं: नुकत्याच मागितलेल्या बफराला सगळ्यात आधी हात लावतं ते मेमकॉपी, त्यामुळे कर्नलने मेमरीचं पान शोधून कोरं करून देण्याचा आणि कॅशेत नसलेला डेटा मेमरीतून आणण्याचा वेळही त्याच्याच खात्यावर पडतो. त्याच डेटाला पुढे दुसऱ्याने आधी हात लावला असता तर बिल त्याच्या नावावर फाटलं असतं. बफर पुन्हा पुन्हा मागण्याऐवजी एकच वापरत राहिलात तर हा भाग उतरतो.

बडोदे आणि वडोदरा

स्ट्रकॅट गेल्यावर प्रोफाइलमध्ये पुढचं नाव वर आलं, मेमरी मागणं आणि परत देणं, आणि त्याच्या मागोमाग मेमकॉपी. एकूण वेळ आता सेकंदांत होता, तरी मला ते जागेवर सोडवेना.

सी प्लस प्लसच्या भागात प्रत्येक ओळीसाठी सभासदाच्या गावावरून शाखा शोधली जायची, आणि त्या फंक्शनला गावाचं नाव स्ट्रिंगची पूर्ण प्रत करून दिलं जायचं. जीसीसी कंपायलरच्या लायब्ररीत स्ट्रिंग १५ बाइटांपर्यंत असेल तर ती वस्तूच्या आतच मावते, वेगळी मेमरी मागावी लागत नाही. सोळावा बाइट आला की मागावी लागते. आता मोजा. बडोदे: ब, ड, ओकार, द, एकार, पाच चिन्हं, तीन-तीन बाइट, बरोबर १५. आत मावलं. वडोदरा: व, ड, ओकार, द, र, काना, सहा चिन्हं, १८ बाइट. बाहेर गेलं. रोमन लिपीत तेच नाव आठ बाइटांत येतं आणि कधीच बाहेर जात नाही.

शहराचं नाव अधिकृतपणे १९७४ साली वडोदरा झालं, पण आमच्या जुन्या नोंदींत मराठी कारकुनांनी घरातल्या सवयीने बडोदेच लिहिलं होतं. पत्ते एकसारखे करायचे ठरलं तेव्हा आम्ही सगळीकडे वडोदरा केलं. त्या दिवसापासून प्रत्येक ओळीला एक जास्तीची मेमरी मागणी आणि एक परतफेड सुरू झाली. नाव अर्थातच आहे तेच ठेवलं. फंक्शनला प्रत देण्याऐवजी फक्त संदर्भ दिला, आणि नुसतं वाचायचंच होतं तिथे स्ट्रिंग व्ह्यू (प्रत न करता मजकूर वाचू देणारं) वापरलं, जे सी प्लस प्लसच्या २०१७ च्या मानकात आलं. एका शब्दाचा बदल, पण शोधायला बाइट मोजावे लागले.

एकेका लहान प्रतीने काही होत नाही, ढिगाने होतं. क्रोम ब्राउझरच्या लोकांनी २०१४ साली मोजलं तेव्हा पत्त्याच्या पट्टीत एक कळ दाबली की पंचवीस हजारांवर मेमरी मागण्या होत होत्या, आणि ब्राउझरच्या मुख्य प्रोसेसमधल्या जवळजवळ निम्म्या मागण्या स्ट्रिंगच्याच होत्या. देवनागरीत काम करणाऱ्यांनी ही पंधरा बाइटांची मर्यादा पाच चिन्हं म्हणून लक्षात ठेवावी. आपली बहुतेक नावं त्याच्या पलीकडे जातात.

"सुरक्षित" कॉपीचे दोन चटके

मध्यंतरी कुणीतरी सगळीकडे स्ट्रकॉपीच्या जागी स्ट्रएनकॉपी (ठरवलेल्या बाइटांपर्यंतच कॉपी करणारं) केलं होतं, सुरक्षेसाठी. हे फंक्शन मुळात जुन्या युनिक्समधल्या ठरावीक लांबीच्या रकान्यांसाठी होतं, जिथे फाइलचं नाव चौदा अक्षरांच्या जागेत बसवायचं असे. म्हणून ते उरलेली सगळी जागा शून्यांनी भरतं. हजार बाइटांच्या रकान्यात वीस बाइटांचं नाव टाकलं की नऊशे ऐंशी शून्यंही लिहिली जातात. वेळाच्या दृष्टीने आमच्याकडे हा खर्च किरकोळ निघाला, मोजून पाहिला. पण जागा पुरली नाही तर ते शेवटचा शून्य बाइट लावत नाही, आणि तो चटका वेळापेक्षा मोठा आहे.

स्ट्रएलकॉपी त्याहून बरं. ते १९९८ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममधून आलं आणि २०२३ मध्ये लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या, जीलिबसीच्या, २.३८ आवृत्तीत दाखल झालं. शेवट नेहमी लावतं. पण ते मूळ मजकुराची पूर्ण लांबी परत देतं, म्हणजे तो शेवटपर्यंत वाचतं. मोठ्या मजकुरातून लूपमध्ये शंभर-शंभर बाइट काढायला ते वापरलंत तर वरचाच वर्गाचा रोग परत.

आणि दोन्हींना देवनागरी कळत नाही. आमच्या पत्त्याच्या एका रकान्यात शेवटचा शून्य धरून ३२ बाइट होते, म्हणजे मजकुराला ३१. "लक्ष्मीविलास" या शब्दात बारा चिन्हं आहेत, ३६ बाइट. दहा चिन्हांना तीस बाइट गेले, अकराव्या कान्याचा एकच बाइट आत आला आणि छापील उताऱ्यावर "लक्ष्मीविल" नंतर काळा चौकोन उमटला. एका आजींनी तो उतारा काउंटरवर आणून विचारलं, "हे माझ्या पत्त्याला काय लागलंय?" प्रोग्रॅम वेगवान झाला म्हणून आम्ही खूश होतो, आणि त्यांचा पत्ता मात्र वर्षभर तुटका छापला जात होता.

कापायचंच असेल तर यूटीएफ-८ मध्ये मागे जाणं सोपं आहे: चिन्हाचा पहिला बाइट सोडून बाकीच्यांची किंमत १२८ ते १९१ मध्ये असते. कापण्याच्या जागी तसा बाइट असेल तर एकेक मागे या, चिन्हाच्या पहिल्या बाइटाला पोचलात की तिथे कापा. तरी काना किंवा मात्रा गळून शब्द बदलू शकतो, म्हणून आम्ही पत्ता कापणंच बंद केलं. रकान्याची जागा ३८४ बाइट केली, त्याहून मोठा पत्ता आला तर प्रोग्रॅम तो न छापता खाते क्रमांक वेगळ्या यादीत टाकतो आणि कारकून तो दोन ओळींत मोडून घेतो. यंदा त्या यादीत तीन खाती आली. आजींचा नवा उतारा मी स्वतः छापून पाठवला, लक्ष्मीविलास पूर्ण.